सोराची रोजनिशी आणि रिद्धपूरची स्थानपोथी

मराठी वाचकाला बाशो परिचित आहे तो हायकूकार म्हणून. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला आणि तेव्हापासून आपल्या काव्यचर्चेत बाशोचे नाव अधूनमधून येत राहिले. जपानी गद्याचा मानदंड मानल्या गेलेल्या त्याच्या ‘ओकु नो होसोमिचि’ या प्रवासग्रंथाकडे मात्र मराठी अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. जपानविषयी मराठीत लिहिले गेले नाही असे नव्हे. प्रभाकर पाध्ये यांचे ‘तोकोनोमा’ आहे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये जपानला महत्त्वाचे स्थान आहे. या पुस्तकांतून मराठी मन जपानमध्ये कसे वावरले हे समजते. जपानी माणूस स्वतःच्याच भूमीवरील प्रवासाची आठवण कशी जपतो, हा त्याहून निराळा प्रश्न आहे. आणि तो विचारू लागले असता वाट अनपेक्षितपणे वऱ्हाडात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावी येऊन पोहोचते.

इ. स. १६८९ च्या वसंतात बाशो आपला शिष्य सोरा याच्यासह एडोहून, म्हणजे आजच्या टोकिओहून निघाला आणि उत्तरेकडील दुर्गम प्रदेश हिंडून शरद ऋतूत ओगाकी येथे पोहोचला. ही वाटचाल सुमारे चोवीसशे किलोमीटरांची होती. ग्रंथ त्याने लगेच लिहून टाकला नाही. पाच वर्षे तो मजकूर घोळवीत राहिला. १६९४ मध्ये ग्रंथ सिद्ध झाला, त्याच वर्षी बाशो मृत्यू पावला आणि १७०२ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. ग्रंथात जी वाट दिसते ती चाललेली वाट आहे, तशीच ती आठवलेली आणि पुन्हा रचलेली वाटही आहे. बाशो स्वतःही मोकळ्या मनाने निघालेला नव्हता. पाच शतकांपूर्वी, ११९० मध्ये, निवर्तलेल्या साइग्यो या कवि-संन्याशाच्या पाऊलखुणा शोधणे हा त्याच्या यात्रेचा एक हेतू होता. जुन्या कवितांनी प्रसिद्ध केलेली स्थळे पाहावयाची आणि तेथे उभे राहून पूर्वसूरींना आठवावयाचे, अशी ती यात्रा होती.

याच प्रवासात सोराही एक वही लिहीत होता. निघण्यापूर्वीच त्याने वाटेवरील देवस्थानांची व काव्यप्रसिद्ध स्थळांची टिपणे करून घेतली होती. वाटेत तो हवामान, अंतरे, मुक्काम, यजमानांची नावे, निघण्याची व पोहोचण्याची वेळ असा तपशील टिपीत गेला. ही रोजनिशी १९४३ मध्ये छापली गेली, तेव्हा वाचकांच्या ध्यानात काही विलक्षण गोष्टी आल्या. बाशो तिसऱ्या महिन्याच्या तीस तारखेस निक्को पर्वताच्या पायथ्याशी मुक्काम केल्याचे सांगतो. त्या वर्षी तो महिना एकोणतीसच दिवसांचा होता. इशिनोमाकी येथे आपण वाट चुकून पोहोचलो असे बाशो लिहितो. सोराच्या नोंदीवरून ती वाट आधीच ठरलेली दिसते. इचिबुरीच्या सराईत शेजारच्या खोलीत उतरलेल्या दोन वारांगनांचा प्रसंग हा ग्रंथातील सर्वाधिक चर्चिलेल्या प्रसंगांपैकी एक. सोराच्या वहीत त्यांचा मागमूस नाही.

अशा वेळी ‘खरे कोण?’ हा प्रश्न प्रथम सुचतो आणि तो सर्वांत कमी उपयोगाचा असतो. सोराची वही उजेडात आल्याने बाशो खोटा ठरला नाही. त्याने काय निवडले, काय गाळले, कशाची जागा हलविली हे प्रथमच दिसू लागले, आणि त्याच्या रचनेची थोरवी अधिक नेमकेपणाने सांगता येऊ लागली. त्याचबरोबर सोराच्या कोरड्या ओळींनाही एक निराळे वजन आले. पाऊस पडला, अमुक घरी उतरलो, अमुक इतके अंतर चाललो, या ओळींमागे बाशो चालतो आहे हे वाचकाला ठाऊक असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचण्याची ही रीत जपानी अभ्यासकांच्या आता अंगवळणी पडली आहे.

मराठीजवळ अशी जोडी बाशोच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘लीळाचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’. आपण ती दोन वेगळ्या कपाटांत ठेवली आहेत. लीळाचरित्र वाङ्मयेतिहासात आद्य गद्यग्रंथ म्हणून शिकविले जाते. स्थानपोथी यात्रेकरूंची मार्गदर्शिका किंवा इतिहास-संशोधकांचे साधन म्हणून तळटिपेत राहते. या विभागणीने दोन्ही ग्रंथांचे नुकसान केले आहे. मराठी प्रवासलेखनाच्या विचाराचे नुकसान त्याहूनही मोठे आहे.

लीळाचरित्राच्या निर्मितीची हकीकत पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, परंतु तिच्यातील स्थळाचा भाग पुष्कळदा निसटतो. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाला, वाटेत रिद्धपूरला थांबला, आणि तेथील बाजारात त्याला गोविंदप्रभू भेटले. त्यांनी दिलेल्या शेंगुळ्यांच्या प्रसादाने त्याची यात्रा संपली आणि खरे भ्रमण सुरू झाले. हरिपाळदेवाचे चक्रधर झाले. सालबर्डीच्या डोंगरातील बारा वर्षे, पुढे एकाकी भटकंती, नंतर पैठणपासून शिष्यपरिवारासह गोदातीरीची वाटचाल, आणि शेवटी शके ११९६ च्या सुमारास उत्तरापंथे गमन, असा हा क्रम सांप्रदायिक परंपरा सांगते. चक्रधर दृष्टिआड झाल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येऊन राहिले. हे गाव त्यांच्या दृष्टीने प्रवासाचा उगम होते आणि परत फिरण्याचे ठिकाणही होते. महदाइसेचे ‘धवळे’ येथलेच. येथेच वाजेश्वरीच्या देवळात नागदेव आठवणी सांगत बसत आणि म्हाइंभट त्या लिहून घेत. जेथे नागदेवांची स्मृती अपुरी पडे तेथे म्हाइंभट उठून ज्याने ती लीळा पाहिली त्याच्या गावी जात. म्हणजे चक्रधरांच्या प्रवासाची नोंद करण्यासाठी दुसरा प्रवास घडला. त्याला नीटसे नाव नाही, आणि त्यावर लिहिलेही फार थोडे गेले आहे.

पुढे यादवांचे राज्य खालसा झाले. त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि लीळा पुन्हा स्मृतीतून उभ्या कराव्या लागल्या. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी चालत आलेले पाठ या पुनर्रचनेतून निपजले. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एखाद्या तपशिलाजवळ अमुकाचा पाठ निराळा आहे अशी नोंद येते, ती पाठचिकित्सेच्या दृष्टीने मोलाची आहेच. पण ती याहून अधिक काही सांगते. आठवण ही एकट्याची मालमत्ता नाही, तिला साक्षीदार लागतात, आणि साक्षीदारांत मतभेद असला तर तोही टिपून ठेवावयाचा, ही शिस्त तेराव्या-चौदाव्या शतकातील या मंडळींनी पाळली. आधुनिक आठवणीपर लेखनात ती सहसा आढळत नाही.

या शिस्तीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. महानुभावांनी एका माणसाच्या आठवणीची चक्क वाटणी केली. तो काय बोलला ते केसोबासांनी सूत्रपाठात ठेवले, कोणते दाखले दिले ते दृष्टान्तपाठात, काय केले ते लीळाचरित्रात, त्याची दिनचर्या कशी होती ते बाइदेवबासांच्या ‘पूजावसरा’त, तो दिसत कसा होता ते ‘मूर्तिप्रकाशा’त. आणि तो कोठे होता ते स्थानपोथीत. चरित्र या शब्दाचा आपला अर्थ यातील सर्व काही एकत्र कालवून होतो. येथे प्रत्येक अंग वेगळे राखले आहे, आणि वाचकाने ते जुळवून घ्यावे अशी अपेक्षा आहे. यातील एकच ग्रंथ हाती घेऊन ‘हे कोरडे आहे’ असा शेरा मारणे म्हणजे नकाशा पाहून त्यात माणसे दिसत नाहीत अशी तक्रार करण्यासारखे होय.

स्थानपोथी मुनिव्यासांच्या नावावर आहे आणि तिचा काळ शके १२७५, म्हणजे इ. स. १३५३ च्या सुमारास मानला जातो. चक्रधरांच्या गमनाला तोवर सुमारे ऐंशी वर्षे झाली होती. प्रत्यक्ष पाहिलेले कोणी हयात असण्याचा संभव जवळजवळ नव्हता. असे असता ही पोथी गावागणिक स्थानांची नोंद करीत जाते. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, पटिशाळ कोठे, जगतीचे दार कोणते, चौकात कोणत्या बाजूस आसन. मुक्काम दीर्घ असेल तर ते अवस्थान. एका रात्रीचा असेल तर वसती. नुसते बसणे झाले असेल तर आसन. जेवणाची जागा, मर्दनाची जागा, फिरण्याची जागा, इतकेच नव्हे तर परिश्रयाची, म्हणजे साध्या देहधर्माची जागाही. या शेवटच्या प्रकाराने आजचा वाचक संकोचतो. पोथी संकोचत नाही. ज्याचे असणेच परमेश्वराचे असणे मानले त्याच्या कोणत्या असण्याला गौण म्हणावयाचे, असा तिचा रोकडा विचार आहे.

देवळांच्या नोंदींत तर एक अजब गोष्ट घडते. भैरव, नरसिंह, नारायण, महादेव अशी देवळे पोथीत ओळीने येतात. पण महानुभाव अनुयायी त्यांतील देवतेच्या उपासनेसाठी तेथे जात नाही. परमेश्वर एक, देवता अनेक आणि त्या नित्यबद्ध, जिवांना मोक्ष देण्यास असमर्थ, ही त्याची धारणा. मग देवळाचे काम काय? देऊळ ही खूण आहे. पैठणच्या भोगनारायणाचे देऊळ महत्त्वाचे ते नारायणामुळे नव्हे. त्या चौकात गोसावी राहिले, तेथे बाइसा होत्या, तेथे प्रश्न विचारले गेले, यामुळे. देवळाच्या गाभाऱ्याकडे पाठ करून ओसरीच्या एका कोपऱ्याकडे पाहणारे हे वर्णन भारतीय तीर्थवाङ्मयात विरळाच म्हणावे लागेल. पुराणांतील माहात्म्ये स्थळाला फल जोडतात: येथे स्नान केले असता अमुक पुण्य, येथे दान केले असता तमुक. स्थानपोथी स्थळाला केवळ क्रियापद जोडते. बसले, जेवले, निजले, चालले.

हे लेखन कशासारखे आहे? चित्रकाराच्या प्रवासातील रेखाटनवहीसारखे. अशा वहीत एखाद्या पानावर चार रेषा असतात, एक कमान, एक पायरी, कडेला दिशेचा बाण. त्रयस्थाला त्यातून काही मिळत नाही. जो तेथे होता, किंवा ज्याने तेथे असणाऱ्याकडून सविस्तर ऐकले आहे, त्याच्यासमोर ते पान उघडताच सारा दिवस उभा राहतो. रेखाटन कथा सांगत नाही. कथा ज्या जागी ठेवावयाची ती जागा रिकामी करून देते. स्थानपोथीचा वाचक लीळा ऐकलेला असतो हे गृहीत आहे. त्याला पुन्हा लीळा सांगण्याचे कारण नाही. त्याला हवी आहे पायरी, दार आणि दिशा.

पुन्हा जपानकडे पाहिले तर या तुलनेला एक दुवा सापडतो. बाशोनंतर ऐंशीएक वर्षांनी बुसोन या कवि-चित्रकाराने ‘ओकु नो होसोमिचि’चा संपूर्ण मजकूर आपल्या हस्ताक्षरात लिहून त्यात चित्रे रेखाटली. १७७८-७९ च्या सुमाराचे हे काम. बुसोन तेव्हा साठी ओलांडलेला होता. तरुणपणी, गुरूच्या मृत्यूनंतर, तो स्वतः बाशोच्या वाटेने उत्तरेत भटकला होता. या चित्रांत डोंगर-नद्यांपेक्षा माणसे अधिक दिसतात: निरोप देणारे, वाटेत भेटणारे, सराईतील. दुसऱ्याच्या प्रवासाचा ग्रंथ उतरवून घेताना तो आपल्या जुन्या प्रवासाकडेही पाहत असला पाहिजे. मुनिव्यासांनी नेमके उलट केले. माणसे सगळी लीळाचरित्रात आहेत म्हणून त्यांनी ती घेतली नाहीत. दगड, दार, दिशा घेतल्या. उणीव म्हणून पाहिले तर दोन्हीकडे अर्धे चित्र आहे. पण बुसोनच्या वाचकाला उत्तरेकडील डोंगर ठाऊक होते आणि मुनिव्यासांच्या वाचकाला माणसे. प्रत्येकाने आपल्या वाचकाला जे माहीत नाही तेवढेच दिले.

आता मराठीतील प्रवासलेखनाच्या चर्चेकडे वळू. प्रचलित रूपरेषा ठरलेली आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवासा’पासून आरंभ करावयाचा, मग अनंत काणेकरांपाशी ‘प्रवासवर्णन ललित झाले’ असे नोंदवावयाचे, पुढे गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे. निकषही ठरलेला: लेखकाचे व्यक्तिमत्त्व किती उमटले? ज्या लेखनात प्रवासी ठळक, ते श्रेष्ठ. ज्यात स्थळ ठळक, ते माहितीपर म्हणून दुय्यम. हा निकष विसाव्या शतकातील लघुनिबंधाच्या प्रभावातून आलेला आहे आणि त्या काळापुरता तो सयुक्तिकही होता. त्याला सार्वकालिक समजल्यामुळे अडचण होते. गोडसे भटजींनी देखील १८५७-५८ मधील प्रवास सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढला आणि तो छापला गेला १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या संस्कारासह. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. तेथेही प्रवास, आठवण, लेखन आणि संपादन यांत मोठी अंतरे आहेत. त्या अंतरांकडे आपण क्वचितच पाहिले.

स्थानपोथीत तर प्रवासी आणि लेखक एकच नाहीत. प्रवास केला त्याने लिहिले नाही. लिहिले त्याने तो प्रवास पाहिला नाही. व्यक्तिमत्त्वाच्या निकषावर असे पुस्तक प्रवासलेखनाच्या दारातही उभे राहू शकत नाही. पण प्रवासलेखनाचा मूळ प्रश्न, म्हणजे होऊन गेलेली वाटचाल शब्दांत टिकवावयाची कशी, हा या पोथीइतक्या निकराने मराठीत दुसऱ्या कोणी हाताळला आहे? महानुभावांच्या परिभाषेत याला नेमका शब्द आहे: असन्निधान. परमेश्वर सन्निध असतो तो काळ निराळा; तो दृष्टिआड झाल्यावर जिवाने काय करावे? स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार आधारांनी त्याचे स्मरण ठेवावे. म्हणजे तो जेथे होता ती जागा. त्याने वापरलेली वस्तू. त्याला मानणारा माणूस. आणि त्याची ओढ असलेला गृहस्थ अनुयायी. प्रवासानंतर परतलेल्या कोणत्याही माणसाजवळ हेच चार आधार उरतात. केवळ धर्मविचार म्हणून ही चौकट बाजूला ठेवण्यापेक्षा स्मृतिलेखनाची मीमांसा म्हणून ती तपासून पाहिली पाहिजे. आपण पाश्चात्त्य स्मृतिविचाराची पुस्तके मागवितो, ते योग्यच. पण रिद्धपूरला सातशे वर्षांपूर्वी चाललेली ही चर्चा निदान त्यांच्या शेजारी मांडावयास हवी.

या चर्चेत एक ताण आहे आणि तो दडवून ठेवू नये. चक्रधरांचा आचारधर्म अटनाचा होता. ओळखीच्या गावी राहू नये, ओळखीच्या माणसात गुंतू नये, झाडातळी असावे, एका जागेचा लोभ धरू नये. ज्या संप्रदायाने जागेचा लोभ वर्ज्य मानला त्यानेच जागांची इतकी हळवी, पायरीपर्यंत उतरणारी नोंद करावी, ही विसंगती आहे. तिचा उलगडा सांप्रदायिक विद्वान सिद्धान्ताने करतात: स्थानाचे वंदन म्हणजे स्थळाचा लोभ नव्हे, त्यातील संबंधाचे स्मरण होय. सिद्धान्त म्हणून हे मान्य करता येईल. वाङ्मयाचा अभ्यासक मात्र एवढ्यावर थांबणार नाही. पोथीच्या पानोपानी जी चिकाटी दिसते तिच्यामागे काहीतरी हरवल्याची जाणीव आहे, आणि ती जाणीव सिद्धान्तात पुरती मावत नाही. साती ग्रंथांपैकी दोन काव्यांच्या नावातच स्थळ आहे, ‘सह्याद्रिवर्णन’ आणि नारायण व्यास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपूरवर्णन’, हा योगायोग नसावा.

स्थानपोथीला ओढूनताणून काव्य ठरविण्याचे कारण नाही. तिच्यात ललित गुण शोधणारे लेख लिहिले गेले तर ते स्थानपोथीवर अन्यायच करतील. तसेच तिची प्रत्येक नोंद ऐतिहासिक सत्य मानण्याचेही कारण नाही. ऐंशी वर्षांत देवळे पडतात, नवी होतात, गाव सरकते, नदी काठ बदलते. बाशोने तागाजो येथे एक प्राचीन शिलालेख पाहिला आणि हाच तो काव्यप्रसिद्ध त्सुबोचा शिलास्तंभ असे मानून, सगळे नाहीसे होत असता ही एक वस्तू टिकली म्हणून तो गहिवरला. तो दगड पौराणिक स्तंभ नव्हे असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. दगड चुकला, पण गहिवर चुकला असे म्हणता येत नाही; आणि गहिवर खरा म्हणून दगडही खरा, असेही म्हणता येत नाही. स्थानपोथीच्या अभ्यासकाला या दोन्ही विधानांमधून चालावे लागेल. जेथे खडक बदलला नाही, उदाहरणार्थ वेरूळच्या लेण्यांत, तेथे पोथीतील नोंदी पडताळून पाहता येण्याची शक्यता अधिक. बाजारपेठेच्या गावांत ती कमी. एकांकातील लीळांच्या बाबतीत तर अडचण आणखी निराळी आहे. त्या काळी चक्रधर एकटे होते. त्या लीळा त्यांनी पुढे स्वतः सांगितल्या म्हणून कळल्या. साक्षीदार नाही तेथे स्थळही धूसर असते. पूर्वार्ध आणि उत्तरार्धात सोबती येतात आणि त्यांच्याबरोबर दारे, ओसऱ्या, पायऱ्या येतात. ही साधी गोष्ट लीळाचरित्राच्या तीन भागांच्या शैलीभेदाविषयी पुष्कळ काही सांगू शकेल.

हे सारे वाचावयास उशीर झाला यात आपला दोष थोडाच आहे. सकळ लिपीच्या आड हे वाङ्मय शतकानुशतके मठांत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, वि. ल. भाव्यांनी तिकडे वाचकांचे लक्ष वेधले, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिले. १९३६ पासून ह. ना. नेने यांचे लीळाचरित्राचे भाग निघू लागले, नंतर शं. गो. तुळपुळे, १९७८ मध्ये वि. भि. कोलते. स्थानपोथीची संपादित आवृत्तीही कोलत्यांचीच. मलकापूर तालुक्यातील नरवेल गावी जन्मलेल्या या संशोधकाने वऱ्हाडचे हे ऋण एकट्याने केवढे फेडले, हे त्यांच्या आवृत्त्यांतील टिपा वाचताना कळते. अमेरिकन विदुषी अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि पुढे महाराष्ट्रातील यात्रा व प्रदेशकल्पना यांवरील २००३ च्या ग्रंथात महानुभावांच्या स्थानविचाराला जागा दिली. स्थानपोथी भूगोल म्हणून गंभीरपणे वाचावी लागते हे त्यांच्या कामावरून मराठी विभागांनी शिकावयास हवे होते. त्या मानाने आपल्या प्रबंधांत पोथी अजून ‘संदर्भसाधने’ या प्रकरणातच अडकली आहे.

मात्र पुढे उशीर झाला तर दोष आपलाच असेल. याचे कारण जमिनीवर आहे. स्थानांवर आज ओटे आहेत, त्यांवर चादरी आहेत, आणि अनेक ठिकाणी भाविकांच्या श्रद्धेतून व वर्गणीतून नवी मंदिरे, सभामंडप, फरशा झाल्या आहेत. श्रद्धाळूंनी आपले पूजास्थान नीटनेटके करावे यात आक्षेपार्ह काही नाही. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु पोथीतील नोंद ज्या पायरीच्या, ज्या दाराच्या आधारे उभी आहे ती पायरी फरशीखाली गेल्यावर पोथीचे ते वाक्य कशाकडेही बोट दाखवू शकत नाही. देवळाचा चौक पुरातत्त्वाच्या दृष्टीने सामान्य असेल, म्हणून त्याची दखल घेतली जाणार नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने तो एका वाक्याचा अर्थ आहे. हा अर्थ राखण्यासाठी बांधकाम थांबविण्याची गरज नाही. बांधकामापूर्वी कोणी तरी वही घेऊन तेथे जाणे पुरेसे आहे.

२०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्या निमित्ताने लीळाचरित्राचे नाव व्यासपीठांवरून वारंवार घेतले गेले. गौरवाचे समारंभ आवश्यक असतात, पण गौरवाचे ओझे एकट्या लीळाचरित्रावर टाकून स्थानपोथी पुन्हा कपाटात जाणार असेल तर काही साधले असे होणार नाही. विद्यापीठ ज्या गावी उभे आहे त्या गावातच राजमठ आहे, वाजेश्वरी आहे, गोविंदप्रभूंची असंख्य स्थाने आहेत. ज्याला रिद्धपूरची माणसे माय आणि बाप दोन्ही म्हणत त्या राउळांनी हे गाव अक्षरशः घरोघरी फिरून वापरले. मातंगाच्या घरापासून राजमठापर्यंत त्यांना दार बंद नव्हते. म्हणूनच येथील स्थाने देवळांपुरती नाहीत, गल्लीबोळांत आहेत. अशा गावाची पोथीवार मोजणी करणे हे एखाद्या पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्राचे काम आहे. सुरुवात येथून करावी, मग सालबर्डी, मग लोणार-मेहकरकडे जावे.

काम कसे व्हावे याविषयी एक-दोन सूचना येथे अप्रस्तुत ठरू नयेत. विद्यार्थ्यांनी छायाचित्रे काढावीत, पण तेवढ्यावर भागवू नये. छायाचित्र सगळेच टिपते. पोथी निवडून टिपते. ज्याला स्थानपोथीचे वाक्य कळून घ्यावयाचे आहे त्याने त्या जागी उभे राहून हाताने रेखाटन करावे: दार कोणीकडे, पायऱ्या किती, आसनाची बाजू कोणती, आणि आज तेथे काय आहे. चित्र सुबक नसले तरी चालेल. प्रत्येक रेखाटनाखाली पोथीतील नोंदीचा क्रम, लीळाचरित्रातील तिच्याशी जुळणारी लीळा आणि गावातील जाणत्या माणसाने सांगितलेली माहिती, अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. त्या परस्परांशी जुळल्या नाहीत तर जुळवून घेऊ नयेत. हिराइसेचा पाठ आणि परशरामबासाचा पाठ जसे शेजारी शेजारी राहू दिले गेले, तसे त्या तिन्ही नोंदींनाही राहू द्यावे. स्थानाची देखभाल करणारे भिक्षुक आणि महंत यांची परवानगी व सोबत आधी घ्यावी, कारण पोथी त्यांनीच जपली आहे आणि तिच्यातील कित्येक शब्दांचे अर्थ कोशापेक्षा त्यांच्या बोलण्यात अधिक नेमके सापडतात. पटिशाळ हा शब्द कोशात ओसरी म्हणून मिळेल. ती कोणत्या बाजूची, किती उंचीची, तिच्यावर बसलेल्या माणसाला चौकातले काय दिसे, हे तेथे बसूनच कळेल.